मिटलेल्या डोळ्यांचं दर्शन

आषाढीला पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत माणसं तासन्‌तास उभी असतात. हरिपाठ म्हणतात, डुलक्या काढतात, पुढे घुसणाऱ्याशी भांडतात, मोबाइलवर गावाकडच्या पेरणीची चौकशी करतात. गाभाऱ्यात विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकवायला एक क्षण मिळतो आणि नेमके तेव्हाच अनेकांचे डोळे मिटलेले असतात! हे विसंगत वाटेल. पण इथे कपाळाला झालेला स्पर्श हेच पाहणं. ज्यांना रांग जमत नाही ते कळसाला हात जोडून परततात, आणि त्यांचीही वारी पुरी होते.

अशा वागण्याकडे कसं पाहावं, हे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात दाखवलं. दिवसभर एकत्र अभंग म्हणणाऱ्या दिंडीत जेवणं मात्र जातीनुसार वेगळी, हे त्यांनी नोंदवलं. त्या स्वतः वारीत चालत होत्या, भारावल्याही होत्या. तरी नजर ढळली नाही. दि. बा. मोकाशी यांचं ‘पालखी’ (१९६४) हे पुस्तक याच प्रकारचं. अलीकडे ड्रोनने टिपलेली वारी घरोघरी पोचते. देखणी असते, पण उंचावरून फक्त गर्दी दिसते.

श्रद्धेची टिंगल आणि श्रद्धेचा गौरव, दोन्ही प्रकारचं लेखन आमच्याकडे भरपूर येतं. बारकाईने पाहिलेलं फार थोडं. देऊळ, दर्गा, चर्च, विहार, तुमच्या रोजच्या वाटेवर जे असेल तिथे तासभर बसा. लोक काय करतात ते पाहा, का करतात ते त्यांनाच विचारा, आणि आम्हाला लिहून पाठवा.