डोंगर चढणे पुरेसे नाही

राजगड-तोरण्याच्या पायथ्याचा रोजचा चढउतार हेच आरोग्य, हे प्रसिद्ध झालेल्या एका पत्रातील मत अर्धेच खरे आहे. भोर-वेल्ह्यात पावसाळ्यात झऱ्यांचे पाणी गढूळ होते. फडक्याने माती गाळली जाते, जंतू नव्हे; खळखळ उकळी आल्यावर किमान 1 मिनिट पाणी उकळू द्यावे लागते. भातलावणीच्या चिखलात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर-गुरांच्या मूत्रातील जंतू पायाच्या जखमेतून शिरतात. म्हणून जखम झाकणे, साबणाने पाय धुणे आणि ताप आल्यास डॉक्टरांना लावणीचे काम सांगणे (नेमके हेच राहून जाते) आवश्यक. इंद्रायणी तांदळाच्या कौतुकात नाचणीही दुर्लक्षू नये: 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात 10च्या आसपास.