हृदयगती मोजणारी स्वस्त उपकरणे : अड्यारच्या किनाऱ्यावरील आकडे कितपत खरे?

चेन्नईच्या दक्षिण भागातील अड्यार हा परिसर १८८२ पासून थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय म्हणून ओळखला जातो. त्याला लागूनच अ‍ॅनी बेझंट यांच्या नावाने वसलेले बेझंट नगर आणि तेथील इलियट्स समुद्रकिनारा आहे. पहाट होताच या किनाऱ्यावर फिरणाऱ्यांची आणि धावणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. दर वर्षी जानेवारीत होणाऱ्या चेन्नई मॅरेथॉनच्या तयारीच्या काळात ती अधिकच वाढते. गेल्या काही वर्षांत या मंडळींच्या मनगटावर एक नवी वस्तू सर्रास दिसू लागली आहे. हृदयाचे ठोके दाखवणारे हे घड्याळ पूर्वी केवळ व्यावसायिक खेळाडूंकडे असे. आज ते हजार ते दोन हजार रुपयांत मिळते.

किंमत आवाक्यात आली ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र या घड्याळाने दाखवलेल्या आकड्यावर व्यायामाचा वेग ठरवावा काय, थांबावे की पुढे जावे याचा निर्णय त्यावर सोपवावा काय, हा प्रश्न किमतीहून मोठा आहे. देशात अलीकडे घडलेल्या काही घटनांमुळे त्याला गांभीर्यही आले आहे.

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी बंगळुरूत निधन झाले. व्यायामानंतर अस्वस्थ वाटू लागल्याने त्यांना रुग्णालयात नेण्यात आले होते. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव दिल्लीत व्यायामशाळेत कोसळले आणि २१ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. अशा घटनांनंतर समाजमाध्यमांवर अनेक तर्कवितर्क लढवले गेले. या पार्श्वभूमीवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला. ४७ रुग्णालयांच्या सहभागाने झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोविड लसीमुळे असा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. कुटुंबातील आकस्मिक मृत्यूचा इतिहास, कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतील अतिमद्यपान आणि त्याच ४८ तासांतील अतिश्रमाची शारीरिक हालचाल या बाबींचा मात्र अशा मृत्यूंशी संबंध दिसून आला.

याचा अर्थ व्यायाम टाळावा असा नव्हे. भारतीयांची खरी अडचण नेमकी उलट आहे. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०२२ साली देशातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. इ. स. २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. बैठ्या जीवनातून एकदम उठून धावू लागणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला आपण किती जोर लावत आहोत हे कळावे, एवढ्यासाठी हृदयगती मोजण्याचा उपयोग आहे. पण तो आकडा बरोबर असला तर.

ही गती मोजण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. पहिली ईसीजीच्या तत्त्वावर चालते. छातीभोवती बांधलेल्या पट्ट्यातील विद्युतअग्रे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर निर्माण होणारा सूक्ष्म विद्युत संकेत टिपतात आणि तो बिनतारी पद्धतीने मनगटावरील घड्याळाकडे किंवा मोबाइलकडे पाठवतात. फिनलंडमधील पोलार या कंपनीने १९८२ मध्ये या प्रकारचे पहिले बिनतारी उपकरण बाजारात आणले. दुसरी पद्धत प्रकाशाची. घड्याळाच्या मागच्या बाजूस दिसणारे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. रक्त हा हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोक्यागणिक रक्तवाहिनीतील रक्त कमीजास्त होते, परत येणारा प्रकाशही त्यानुसार बदलतो आणि त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या बाबतीत ही दुसरी पद्धत चांगले काम करते. हात हलू लागला की अडचणी सुरू होतात. घड्याळ त्वचेवर सरकते, फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो आणि हाताच्या हेलकाव्यांबरोबर रक्तही हिंदकळते. परत येणाऱ्या प्रकाशात तेव्हा हृदयाच्या तालाबरोबर पावलांचा तालही मिसळतो. चांगल्या उपकरणातील गणिती प्रणाली हे दोन ताल वेगळे करते. साध्या उपकरणाला ते नेहमीच जमते असे नाही. धावणाऱ्याची पावले मिनिटाला साधारण १६० ते १७० पडतात. हृदयगती १४० असताना घड्याळ पावलेच मोजू लागले, तर पडद्यावर १६५ हा आकडा दिसतो. या चुकीची मोठी अडचण अशी, की तो आकडा अशक्य वाटत नाही. घड्याळाने ३०० दाखवले असते तर कोणीही हसून सोडून दिले असते. १६५ पाहून मात्र एखादा घाबरून थांबतो. याउलट, खरी गती १७५ वर गेली असताना घड्याळ मागे रेंगाळत १३० दाखवत असेल, तर दुसरा एखादा निर्धास्तपणे वेग वाढवतो. यातील दुसरी चूक अधिक धोक्याची आहे.

संशोधनातूनही असेच चित्र दिसते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी ५० प्रौढांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत छातीच्या पट्ट्याचे आकडे ईसीजीशी जवळजवळ तंतोतंत जुळले. मनगटी उपकरणांची अचूकता त्याहून कमी आणि उपकरणागणिक वेगवेगळी आढळली. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात मनगटी उपकरणे तपासली. त्यातील सहांची हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. मात्र खर्च झालेल्या उष्मांकांचा हिशोब एकाही उपकरणाला नीट जमला नाही. सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूकही २७ टक्के निघाली. घड्याळाने ‘जाळलेल्या’ उष्मांकांच्या भरवशावर परतीच्या वाटेवर डोसा खाणाऱ्यांनी हा आकडा अवश्य ध्यानात ठेवावा.

सावळ्या त्वचेवर हिरवा प्रकाश नीट काम करत नाही, अशी शंका भारतीय ग्राहक नेहमी व्यक्त करतात. ड्यूक विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात ५३ जणांवर वेगवेगळी उपकरणे वापरून पाहण्यात आली. त्वचेच्या रंगामुळे लक्षणीय फरक पडल्याचे त्यात दिसले नाही. फरक पडला तो उपकरणामुळे आणि हालचालीमुळे. हालचालीच्या वेळची चूक विश्रांतीच्या वेळेपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी अधिक होती. एका लहान अभ्यासाने हा वाद मिटत नाही, हे खरे. तरीही खरेदी करताना रंगाच्या चिंतेपेक्षा घड्याळाचा पट्टा मनगटावर घट्ट बसतो की नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

अड्यारसारख्या ठिकाणी यात हवामानाची भर पडते. चेन्नईची हवा वर्षातील बराच काळ उष्ण आणि दमट असते. घाम येतो, पण वाळत नाही. त्यामुळे शरीर थंड होत नाही. उष्णता बाहेर टाकण्यासाठी हृदयाला अधिक रक्त त्वचेकडे पाठवावे लागते. घामावाटे पाणी गेल्याने दर ठोक्याबरोबर बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी ठोके वाढतात. म्हणून तोच माणूस त्याच वेगाने धावत राहिला तरी अर्ध्या-पाऊण तासाने त्याची हृदयगती चढलेली आढळते. महाबळेश्वरच्या थंडीत आखलेले वेळापत्रक इलियट्स किनाऱ्यावर मे महिन्यात जसेच्या तसे चालत नाही, ते यामुळेच. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथील वाचकांनाही हा अनुभव नवा नसेल. चढलेला आकडा अशा वेळी उपकरणाचा दोष नसतो. उन्हाने आणि दमटपणाने शरीरावर टाकलेला तो खराखुरा भार असतो, आणि वेग कमी करणे हेच त्याचे उत्तर आहे.

घामाचा छातीच्या पट्ट्याला मात्र फायदाच होतो. कोरड्या त्वचेवर विद्युत संकेत नीट वाहत नाही, त्यामुळे थंड प्रदेशात पट्टा आधी पाण्याने ओला करावा लागतो. चेन्नईत पहिल्या पाच मिनिटांतच ही गरज निसर्ग भागवतो. पट्टा रोज धुवावा मात्र लागतो. मीठ साचून तो लवकर निकामी होतो, याकडे दुकानदार सहसा लक्ष वेधत नाहीत.

किमतींचा विचार करता, नामांकित परदेशी कंपनीचा छातीपट्टा सामान्य ग्राहकाला महाग वाटतो. मात्र कमी प्रसिद्ध कंपन्यांचे पट्टे तीन ते पाच हजार रुपयांच्या आसपास मिळू शकतात. त्यांना स्वतःचा पडदा नसतो. मोबाइलशी जोडून ते वापरावे लागतात. नाण्याच्या आकाराची बॅटरी महिनोन्‌महिने पुरते आणि ती घरच्या घरी बदलता येते. खरेदीपूर्वी ब्लूटूथची सोय आहे काय, आणि पट्टा कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपखेरीज इतर अ‍ॅपशीही जोडता येतो काय, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुरे. कंपनीचे अ‍ॅप बंद पडले म्हणून चांगले उपकरण टाकून द्यावे लागणे, हे ग्राहकाचे निव्वळ नुकसान आहे. छातीला पट्टा बांधणे ज्यांना अवघडल्यासारखे वाटते, त्यांच्यासाठी दंडावर बांधण्याचे प्रकाशाधारित पट्टे उपलब्ध आहेत. दंड मनगटाइतका हिसके खात नाही आणि तेथे मांसल भागही अधिक असतो, त्यामुळे ते मनगटी घड्याळापेक्षा सहसा स्थिर आकडे देतात.

असे असूनही बाजार मनगटी घड्याळांचाच आहे. देशातील अशा उपकरणांची विक्री काही वर्षे झपाट्याने वाढली आणि २०२४ मध्ये प्रथमच वार्षिक घट नोंदली गेली. स्वस्त घड्याळे एकमेकांसारखीच दिसू लागल्याने ग्राहकांचा उत्साह ओसरला, असे कारण बाजाराच्या अभ्यासकांनी दिले. कंपन्यांची स्पर्धा पडद्याचा आकार, रंगीत पट्टे आणि व्यायामप्रकारांची संख्या यांवर चालते. शंभराहून अधिक व्यायामप्रकार ओळखण्याचा दावा करणारे घड्याळ ठोके किती अचूक मोजते, हे त्याच्या खोक्यावर क्वचितच छापलेले असते.

ग्राहकाला येथे कायद्याचा आधार तोकडा पडतो. केंद्र सरकारच्या ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार, सर्व वैद्यकीय उपकरणे त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. पण एखादी वस्तू वैद्यकीय उपकरण आहे की नाही, हे उत्पादकाने सांगितलेल्या तिच्या हेतूवरून ठरते. बहुतेक घड्याळांच्या माहितीपत्रकात ती वैद्यकीय वापरासाठी नाहीत, अशी बारीक अक्षरांतील ओळ असते. त्या एका ओळीने कंपनी या नियमांबाहेर राहते. स्मार्ट घड्याळांसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, परंतु ती विद्युत सुरक्षिततेपुरती आहे. ठोक्यांच्या अचूकतेची हमी तीत नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर आदी पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याला मर्यादा घातली होती. व्यायामाची घड्याळे त्या यादीत नव्हती. जाहिरातीत त्यांनी आरोग्याचे रक्षक म्हणून मिरवावे आणि नियमांपुढे साधी घड्याळे व्हावे, ही सोय कंपन्यांसाठी फारच उत्तम आहे.

अड्यारला लागूनच असलेल्या आयआयटी मद्रासच्या आरोग्य तंत्रज्ञान केंद्राने रक्तवाहिन्यांचा ताठरपणा शरीराबाहेरून मोजणारे आर्टसेन्स हे उपकरण विकसित केले आहे. वैद्यकीय वापर हा हेतू असल्यामुळे त्याला माणसांवरील चाचण्यांतून जावे लागले. किनाऱ्यावरील हजारो मनगटांवर असलेल्या घड्याळांना अशी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. अचूकतेचा किमान निकष ठरवून तो खोक्यावर छापणे बंधनकारक करावयास हवे. विजेच्या उपकरणांवर ताऱ्यांचे लेबल लावता येते, तर हे अशक्य नाही.

आकडा अचूक मिळाला तरी त्याची तुलना कशाशी करावयाची, हा मुद्दा उरतो. २२० मधून वय वजा करून कमाल हृदयगती काढण्याचे सूत्र सर्वपरिचित आहे. पन्नाशीच्या माणसासाठी ती १७० येते, आणि मध्यम व्यायामासाठी त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे ८५ ते ११९ ठोके सांगितले जातात. २००१ मधील एका अभ्यासाने सुचवलेल्या सूत्रानुसार, वयाचा ०.७ पट आकडा २०८ मधून वजा करावा; त्याने कमाल गती १७३ येते. दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत. एकाच वयाच्या दोन निरोगी व्यक्तींच्या कमाल गतीत २० ठोक्यांचा फरक असणे मुळीच नवलाचे नाही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांची हृदयगती औषधानेच कमी राखलेली असते, त्यांना हे सूत्र लागूच पडत नाही. त्यांनी आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा दम अचानक लागणे अशा वेळी घड्याळाकडे पाहत बसणे धोक्याचे आहे. रक्तवाहिनीतील अडथळा ठोक्यांच्या संख्येवरून कळत नाही.

तेव्हा सकाळी तासभर झपझप चालणाऱ्याला स्वस्त मनगटी घड्याळ पुरेसे आहे. किंबहुना, चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ही जुनी कसोटीही त्याचे काम भागवते. वेगाने धावण्याचे आणि मध्ये संथ होण्याचे आलटून पालटून टप्पे करणाऱ्यांनी, तसेच डॉक्टरांनी हृदयगतीची मर्यादा घालून दिलेल्यांनी पैसे छातीच्या पट्ट्यावर खर्च करावेत.

घड्याळ आधीच घेतले असेल, तर त्याची परीक्षा घरी करता येते. दहा मिनिटे जलद चालून थांबावे, लगेच मनगटावरील नाडी बोटांनी १५ सेकंद मोजावी आणि त्या संख्येला चारने गुणून घड्याळाच्या आकड्याशी ताडून पाहावे. थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरत असल्याने पाच-सहांचा फरक समजण्यासारखा आहे. वारंवार वीस-पंचवीसचा फरक येत असेल, तर वस्तू परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ती दुकानात न्यावी. विक्रेत्याने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. अशा वेळी पावती आणि ज्या जाहिरातीत अचूकतेचा दावा केला होता तिची प्रत जवळ असणे उपयोगी पडते.