सभामंडपाच्या अंदाजपत्रकातील एक विसरलेली बाब

ज्या आचऱ्यात इनामदार श्री देव रामेश्वराच्या रामनवमी उत्सवात गायन-कीर्तन कान देऊन ऐकण्याचा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्याच्या पंचक्रोशीत तरी जीर्णोद्धाराच्या मसलतीत संगमरवराच्या रंगाइतकीच ध्वनीचीही चौकशी व्हावी, ही अपेक्षा गैरवाजवी ठरू नये. तथापि मालवणी मुलखात हल्ली उभे राहणारे सभामंडप आणि मंगल कार्यालये पाहावीत, तर डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब, पायाखाली ग्रॅनाइट आणि भिंतींना गुळगुळीत लाद्या असा सर्वांगकठीण थाट. आणि तेथे बुवांचा अभंग चार रांगांपलीकडे केवळ गलबला होऊन पोहोचतो. त्यावर आणखी दोन कर्णे टांगणे हा उपाय नव्हे. कर्णा शब्दाबरोबर त्याच्या रेंगाळणाऱ्या शेपटालाही तितकेच बळ देतो.

कौलारू मंडपाला हा विकार सहसा जडत नसे, कारण कौलांच्या फटींतून आणि मोकळ्या बाजूंतून ध्वनी बाहेर निघून जाई. हाच विकार जडलेल्या, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही; 1895 साली त्याचा छडा लावण्याचे काम वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकाकडे आले, तेव्हा शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री वाहून आणून त्याने मोजमापे घेतली, आणि शोषणाचे एकक म्हणून निवडली ती उघडी खिडकी! आपल्या पूर्वजांनी ते एकक हिशेबावाचून वापरले होते.

सेबाइनचा नियम असा की, खोलीचे घनफळ जितके अधिक तितका घुमारा दीर्घ आणि शोषण जितके अधिक तितका तो अल्प. 20 मीटर लांब, 12 मीटर रुंद व 5 मीटर उंच अशा बंदिस्त, रिकाम्या मंडपाचे सारे पृष्ठभाग ध्वनीचा शेकडा 3 इतकाच अंश शोषत असतील, तर घुमारा 8 सेकंदांवर जातो. केवळ छताला शेकडा 60 शोषणारे आच्छादन दिले, की तो सव्वा सेकंदाच्या आसपास उतरतो. श्रोत्यांचे देह आणि वस्त्रेही शोषण करतात खरी, परंतु मंडप नेहमी भरलेलाच असेल, या भरवशावर इमारत बांधू नये.

पातळ पडदा वा सतरंजी टाळांचा तीक्ष्ण नाद आवरते. पखवाजाच्या धुमेला मात्र जाडी हवी, आणि मागे हवेची पोकळीही. आमच्या किनाऱ्यावर मुबलक असणाऱ्या नारळाच्या काथ्याच्या जाड चटया, त्यांवर फटी राखून ठोकलेल्या लाकडी पट्ट्या, एवढी तजवीज पुष्कळ काम करील. मात्र काथ्यावर अग्निरोधक प्रक्रिया करून घ्यावी आणि खाऱ्या दमट हवेला खेळती वाट ठेवावी. ही तरतूद अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी मुक्रर व्हावी, कारण देणगीदाराचे नाव कोरलेली लादी एकदा भिंतीवर बसली, की ती उखडण्यास कोणताही मानकरी मंजुरी देत नाही.