विचारल्याशिवाय बघायचं नाही

लिनक्सवाल्या मंडळींचं हल्ली एक रडगाणं चालू असतं: वेलँड आलं आणि आमचं स्क्रीन रेकॉर्डिंग गेलं. वेरूळला आमचा भाचा शाळेतल्या मुलांसाठी कॉम्प्युटरचे धडे रेकॉर्ड करतो. (आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघून लागलेली हौस. स्क्रीनचं चित्रीकरण, वर मराठीत आवाज, बस्स.) नवीन उबुंटू टाकलं आणि त्याच्या क्रॉनमधल्या स्क्रिप्टचा व्हिडिओ काळा यायला लागला. सल्ले काय मिळाले? 'एक्सहोस्ट प्लस' मार, नाहीतर जुन्या एक्सवर परत जा.

एक्सहोस्ट प्लस म्हणजे वाड्याच्या दिंडी दरवाज्याची कडीच काढून ठेवायची! आणि एवढं करून वेलँडमध्ये व्हिडिओ काळाच राहतो.

१९८७ सालच्या एक्स-११ मध्ये तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम सगळी स्क्रीन बघू शकतो, शिवाय तुम्ही टाइप केलेली अक्षरंही. बँकेचा पासवर्डसुद्धा. नंतर कुलूप लावायचे प्रयत्न झाले, पण जुने प्रोग्रॅम मोडायला लागले. कैलास लेणं वरून खाली कोरलंय, तळाशी आल्यावर शिखर बदलू म्हटलं तर दगड कुठून आणणार? म्हणून २००८ साली वेलँड नव्याने सुरू झालं. तिथे प्रोग्रॅमला फक्त स्वतःची खिडकी दिसते. बाकीचं हवं असेल तर पोर्टलमार्फत विचारायचं, तुम्ही हो म्हणालात की पाइपवायरवरून चित्र मिळतं.

"असा प्रोग्रॅम तुमच्या फायली तरी वाचतोच की," हा नेहमीचा मुद्दा. खरं आहे, वाचतो. पण म्हणून त्याला आत्ता आलेला ओटीपीही दाखवायचा? हे काही मला पटत नाही.

तक्रारीत तथ्य एवढंच, की क्रॉनला तुमचं सेशन माहीतच नसतं, त्यामुळे परवानगीची खिडकी कुणापुढे उघडणार? यावरचा उपाय साधा आहे. प्रोग्रॅम सिस्टमडीच्या यूजर सर्व्हिसमधून, लॉगिन झाल्यावर सुरू करायचा. परवानगी एकदा द्यायची. पोर्टल एक टोकन देतं, ते प्रोग्रॅमने जपून ठेवलं की पुन्हा विचारणा नाही. ही सोय बऱ्याच प्रोग्रॅमांनी अजून घेतलेलीच नाही. ओरडायचं तर त्यांच्यावर ओरडा ना!

आणि जुन्या एक्सवर परत जाणार तरी कुठे? उबुंटूने २०२५ च्या २५.१० आवृत्तीत ग्नोमचं एक्स सेशन काढूनच टाकलंय.