गिलाव्याची बाजू

मराठी समीक्षेत काही शब्द कायमचे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असतात. ‘गिलावा’ हा त्यांपैकी एक. कादंबरीतले चिंतन उपरे वाटले की तो वैचारिक गिलावा, कवितेत प्रतिमांची गर्दी झाली की तो शब्दांचा गिलावा. आत काहीतरी निकृष्ट आहे आणि वरून लिंपून ते झाकले आहे, असा या शब्दाचा सूर. वर्गात मीही तो वर्षानुवर्षे याच सुरात वापरत आले. वाईतल्या आमच्या जुन्या घराला परसदारी एक खोली वाढवताना मात्र माझ्या हातात थापी आली आणि या आरोपाविषयी मला शंका येऊ लागली.

कंत्राटदार न नेमता, ओळखीचा एक गवंडी आणि दोन बिगारी घेऊन आम्ही नवराबायकोने हे काम उभे केले. दिवाळीच्या सुट्टीत आतल्या एका भिंतीचा गिलावा मी हट्टाने मागून घेतला. पाहताना हे काम सोपे वाटते. विटांमधल्या दरजा कोरून घ्याव्या लागतात, काँक्रीटच्या तुळईवर टाचे मारावे लागतात, भिंत आधी भिजवावी लागते. नाहीतर कोरडी वीट मालातले पाणी पिऊन टाकते आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. एकास चार माल, वाळू चाळलेली, जाडी जेमतेम अर्धा इंच, आणि कालवलेला माल अर्ध्या तासाच्या आत संपवायचा. माझी पहिली चार-पाच घमेली भिंतीपेक्षा जमिनीलाच अधिक लागली. “बाई, मनगटानं फेका, खांद्यानं नको,” असे गवंड्याने दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा नुसते हसले. पुढे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारले. ती भिंत अजून चांगली आहे. उजव्या कोपऱ्यात थोडे पोट आले आहे, तिथे कपाट ठेवले आहे.

चूक निराळ्याच भिंतीवर झाली. नवी खोली ज्या जुन्या भिंतीला जोडली, ती मातीत रचलेल्या विटांची, खाली काळ्या दगडाचे जोते. दोन्ही भिंती एकसारख्या दिसाव्यात म्हणून आम्ही जुन्या भिंतीवरचा भुसभुशीत चुना खरवडून काढला आणि तिच्यावरही सिमेंटच चढवले. निर्णय आमचा होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत पांढरा लोणा फुटला, ठोकल्यावर बद्द आवाज येऊ लागला आणि दाराच्या सागवानी चौकटीचा खालचा भाग बोटाने दाबला तरी खचू लागला. पोपडा काढला तर आतली माती ओली. जमिनीतली ओल त्या भिंतीत पूर्वीही चढतच होती. चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकून बाहेर जाई. आम्ही तिची वाटच बंद केली होती.

‘गिलावा’ हा शब्द फारसीतला. ‘गिल’ म्हणजे चिखलमाती. ‘प्लास्टर’ मूळ ग्रीक, आणि तिथे तो जखमेवरच्या लेपाशी जोडलेला आहे. दोन्ही शब्दांत फसवणूक कुठेच नाही. चुन्याचे तर असे की चुनखडक सुमारे 900 अंशांवर भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. तो विरवून भिंतीवर लावला की हवेतून तोच वायू हळूहळू परत घेत चुना पुन्हा दगड होत जातो. त्यात सुरखी, गूळ, हिरडा, बेलफळ मिसळण्याची रीत होती. गडांवर चुन्याच्या घाणीची दगडी चाके आजही पडलेली दिसतात. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात आणि वाईत रास्त्यांच्या मोतीबागेत जी भित्तिचित्रे आहेत, ती गिलाव्यावरच आहेत. तिथे गिलावा खरवडून ‘आतले खरे’ शोधायला निघालेल्या समीक्षकाच्या हाती विटा लागतील.

आमच्या गवंड्याला मी चुन्याविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “बाई, चुना आता पानालाच.” तो हसत होता, पण त्याच्या आजोबांनी चुन्यात काम केले होते, हेही त्यानेच सांगितले.

खरा विरोध घरातून झाला. सासूबाईंनी या घराच्या भिंती तीसेक दिवाळ्या हाताने लिंपल्या आहेत. माती कालवणे, शेण गोळा करणे, वर चुन्याचा हात, सगळे त्यांच्याच वाट्याला. सिमेंट आले तेव्हा त्या सुटल्या. मी चुन्याचे गुणगान सुरू केले, तशा म्हणाल्या, “तुला लिंपायची हौस आहे, कारण तू कधी लिंपलेलं नाहीस.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. जुन्या बांधकामांवर आपण जे हळहळून लिहितो, त्यात लिंपणाऱ्या हातांचा हिशेब क्वचितच असतो, आणि सिमेंटला सरसकट शिव्या देणे हे बहुधा ज्यांना सारवावे लागले नाही त्यांचेच काम. नव्या भिंतीला सिमेंट योग्यच आहे; तिथे मी आजही तेच लावीन. पण मातीच्या भिंतीला तिच्याहून कठीण आवरण घातले की झीज भिंतीच्या वाट्याला जाते. गिलावा मऊ असला तर तो स्वतः झिजतो आणि पुन्हा लावता येतो. झिजण्यासाठीच तो तिथे असतो. समीक्षेतल्या आपल्या शब्दाला ही गोष्ट ठाऊकच नाही.

असो. आम्ही सिमेंट उतरवले, एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी ठेवून सुकू दिली, चौकटीचा कुजलेला भाग कापून नवे लाकूड जोडले. मग चुनकळी आणून विरवली, काही आठवडे पाण्याखाली मुरू दिली, त्यात वाळू आणि सुरखी कालवून दोन हात दिले. नव्या-जुन्या भिंतींच्या सांध्यावर गिलावा एकसंध न ठेवता एक बारीक खाच सोडली, कारण दोन्ही भिंती सारख्या बसत नाहीत आणि तडा तिथेच जातो. दोन पावसाळे गेले. खालचा पट्टा ऑगस्टमध्ये थोडा गडद दिसतो, दिवाळीपर्यंत उजळतो.

सासूबाईंचे मत बदललेले नाही. दिवाळीआधी चुन्याचा हात द्यायचा असतो, तो आता मी आणि नवरा देतो. त्या ओसरीत बसून, कुठे राहिले ते दाखवतात.