इंजिन बिघडलेले नाही!

आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाकडे विजेवर चालणाऱ्या आगगाडीचा एक जुना संच आहे. एका विद्यार्थ्याने त्याच्या रुळांवर नवे डिजिटल इंजिन ठेवले. दाब २, ३, ४ व्होल्ट असा वाढवत नेला, तरी इंजिन ढिम्म हलेना. “सर, हे बिघडलेले दिसते,” तो म्हणाला. काटा ६ व्होल्टच्या आसपास गेला आणि ते एकदम धावत सुटले!

असे का व्हावे? जुन्या पद्धतीत मोटर थेट रुळांना जोडलेली असते. रुळांना ० ते १२ व्होल्ट दिष्ट दाब देतात. दाब वाढवला की वेग वाढतो, ध्रुव बदलले की गाडी उलट धावते. डिजिटल पद्धतीची मानके अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात ठरवली. पाया होता लेन्झ या जर्मन कंपनीच्या पद्धतीचा. तिच्यात रुळांवर सतत पूर्ण दाब असतो, पण त्याची दिशा भराभर बदलते. प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर ‘१’, सुमारे १०० चा असेल तर ‘०’. या अंकांतून आलेला हुकूम इंजिनातील डिकोडर वाचतो आणि त्याप्रमाणे मोटर चालवतो.

दिष्ट दाबात असा हुकूम नसतो. तेव्हा पुष्कळ डिकोडर दाबावरून वेग आणि ध्रुवांवरून दिशा ठरवतात. मात्र डिकोडरला स्वतःलाच चालू होण्यासाठी काही व्होल्ट लागतात. उशीर होतो तो त्यामुळे.

काही जाणकार ही सोय बंद ठेवायला सांगतात. डिजिटल रुळांपुरते ते योग्यच आहे. संकेत बिघडला तर डिकोडर त्यालाच दिष्ट दाब समजून इंजिन भरधाव सोडू शकतो. पण शाळेच्या जुन्या रुळांवर ती जरूर चालू ठेवावी, असे माझे मत आहे. शिक्षकांनी जुने आणि नवे इंजिन एकेक करून चालवावे, व्होल्टमीटर लावावा आणि विद्यार्थ्यांकडून दाब व वेग यांचा आलेख काढून घ्यावा. दोन रेषा निरनिराळ्या ठिकाणी का सुरू होतात, हे मुलेच सांगतील.

उलट प्रयोग मात्र करू नका. डिजिटल रुळांवर जुन्या इंजिनाची मोटर गुणगुणते, तापते आणि जळूही शकते.

विद्यार्थी मित्रांनो, “बिघडले” म्हणण्यापूर्वी एकदा मोजून पाहा!