किल्ली कोणाकडे?

माझ्या कपाटात, शब्दकोशांच्या खालच्या खणात, एका संगणकीय खेळाची डीव्हीडी गेली कित्येक वर्षे पडून आहे. तिच्यावर ओरखडाही नाही. खोक्याच्या आतल्या बाजूस चिकटवलेला, अक्षरे आणि आकडे मिळून झालेला लांबलचक क्रमांक अजून स्पष्ट वाचता येतो. खरेदीची पावतीदेखील मी जपून ठेवली आहे. सर्व काही शाबूत आहे. फक्त खेळ चालत नाही.

२००८ च्या दिवाळीत भाच्यासाठी ही डीव्हीडी मी तेव्हाच्या औरंगाबादेतून ९९९ रुपये मोजून आणली. जालन्यात मराठी शिकवणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती. पण भाच्याला एक गोष्ट शिकवायची होती. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल द्यावे, पन्नास रुपयांची चोरीची सीडी घेऊ नये, ही ती गोष्ट. घरी आल्यावर कळले की खेळ संगणकावर चढवला म्हणजे झाले, असे नाही. त्याने इंटरनेटवरून कंपनीकडे परवानगी मागायची, आणि ती मिळाली तरच सुरू व्हायचे. ही परवानगी एका डीव्हीडीला आयुष्यात तीनदाच. भारनियमनाच्या त्या दिवसांत वीज आणि इंटरनेट एकाच वेळी घरात असणे हाच एक दुर्मीळ योग होता. पहिल्या खेपेस परवानगी मिळता मिळता वीज गेली, तरी ती हिशेबात धरली गेली. दुसरी परवानगी हार्ड डिस्क बिघडली तिच्याबरोबर गेली. तिसरी व्हायरसमुळे संगणक फॉरमॅट करावा लागला तेव्हा संपली. चौथ्या वेळी पडद्यावर नम्र इंग्रजीत नकार आला. मी कंपनीला पत्र पाठवले. तीन आठवड्यांनी पावतीचे छायाचित्र मागणारे उत्तर आले. ते पाठवल्यावर मात्र मौन.

दरम्यान गल्लीतल्या एका मुलाकडे तोच खेळ आला होता. अर्थात पन्नास रुपयांचा. त्यातले कुलूप कोणीतरी आधीच काढून टाकलेले होते. त्याला परवानगी लागत नव्हती, इंटरनेट लागत नव्हते, संगणक कितीदा बिघडला याची चौकशीही कोणी करत नव्हते. भाच्याने एवढेच विचारले, “मामा, आपण चोरीची घेतली असती तर आत्ता खेळत असतो ना?” वर्गात नीतीवर बोलण्याची सवय असलेल्या मला त्या दिवशी उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

हा अनुभव माझ्या एकट्याचा असता तर त्याला दुर्दैव म्हणून सोडून देता आले असते. पण त्याच २००८ च्या सप्टेंबरात ‘स्पोर’ हा गाजलेला खेळ तीनच परवानग्यांच्या अटीसह बाजारात आला आणि संतापलेल्या ग्राहकांनी अ‍ॅमेझॉनवर एक तारा देणाऱ्या अभिप्रायांचा अक्षरशः ढीग रचला. पुढे ती मर्यादा पाचावर नेण्यात आली. गंमत अशी की, एवढा कडेकोट बंदोबस्त असलेला हा खेळ त्या वर्षी सर्वाधिक चोरल्या गेलेल्या खेळांच्या यादीत अग्रभागी होता. २०१० मध्ये युबीसॉफ्ट या कंपनीने पुढचे पाऊल टाकले. तिच्या ‘असॅसिन्स क्रीड २’ची संगणकावरची आवृत्ती एकट्याने खेळायची असली तरी इंटरनेट अखंड चालू असणे सक्तीचे झाले. त्या मार्च महिन्यात कंपनीचे सर्व्हर कोलमडले आणि ज्यांनी पैसे मोजले होते नेमके तेच खेळाबाहेर फेकले गेले. कुलूप मोडलेली प्रत ज्यांनी मिळवली, त्यांना अशा बंद सर्व्हरचे काय होय?

कुलूप चोरासाठी असते असे आपण समजतो. येथे चोराची आणि कुलपाची गाठच पडत नाही. कारण त्याच्या हाती येणारी प्रत कुलूप काढलेलीच असते. कुलपाशी रोज झुंजतो तो पैसे देणारा. ज्याने विश्वास दाखवला त्याच्यावरच अविश्वासाचा सारा भार टाकायचा, अशी ही व्यवस्था आहे.

याचा अर्थ कुलूप नकोच, असे मी म्हणत नाही. खेळ लिहिणारे, रेखाटणारे, त्याला संगीत देणारे यांचे पोट त्यावर चालते. पदपथावर मिळणाऱ्या चोरट्या आवृत्त्यांनी लेखक-प्रकाशकांचे काय होते, हे मराठी पुस्तकांच्या व्यवहाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना सांगायला नको. तेव्हा प्रश्न कुलूप असावे की नसावे हा नाही. किल्ली कोणाकडे राहते आणि ही गोष्ट घेणाऱ्याला आधी सांगितली जाते का, हे खरे प्रश्न आहेत. त्यांचा विचार करायला जालन्यासारखे दुसरे ठिकाण नाही. कारण या जिल्ह्याने दोन फार वेगळी कुलपे जवळून पाहिली आहेत.

पहिले कुलूप बियाण्याचे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला आणि जालन्याचे नाव संकरित बियाण्यांशी कायमचे जोडले गेले. संकरित वाणाचा स्वभाव असा की पहिल्या पिढीचे पीक जोमदार येते, पण त्याच पिकाचे दाणे राखून पुन्हा पेरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि उत्पन्नाचा भरवसा राहत नाही. म्हणजे प्रत काढता येते, पण ती मुळासारखी निघत नाही. निसर्गानेच घातलेले हे कुलूप म्हणायचे. त्यामुळे शेतकऱ्याचे बाजारावरचे अवलंबित्व वाढले, ही टीका खोटी नाही. तरीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. बियाणे दर हंगामाला नवे घ्यावे लागेल, हे शेतकऱ्याला ठाऊक असते, फसवणूक नसते. आणि एकदा घेतलेले बियाणे त्याच्या शेतात उगवायचे की नाही, हे विकणारा दुरून ठरवत नाही.

शिवाय या व्यवहारात कायद्याने शेतकऱ्याची बाजू घेतली आहे. २००१ च्या वनस्पती वाणांचे संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाच्या ३९ व्या कलमानुसार, नोंदणीकृत वाणाचेसुद्धा आपल्या शेतातले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, दुसऱ्याला देण्याचा आणि विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला आहे. फक्त ते कंपनीच्या छापाखाली विकता येत नाही. बी उगवूच नये अशी रचना मुद्दाम करणारे जे ‘टर्मिनेटर’ तंत्र त्या काळी चर्चेत होते, त्याचा वापर असलेल्या वाणाला याच कायद्याने नोंदणी नाकारली. विकलेल्या वस्तूत तिच्या मरणाची तजवीज करून ठेवायची नाही, असे आपल्या संसदेने बियाण्यापुरते तरी म्हणून ठेवले आहे.

दुसरे कुलूप ग्रंथांचे आहे आणि ते मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचयाचे आहे. भोकरदन तालुक्यातील जयदेववाडीचा जाळीचा देव हे महानुभावांचे मोठे तीर्थस्थान. या पंथाने तेराव्या शतकात मराठीला ‘लीळाचरित्रा’सारखा गद्यग्रंथ दिला आणि पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. हेतू गुप्ततेचा होता, पाठ शुद्ध राखण्याचा होता की आणखी काही, यावर अभ्यासकांनी वेगवेगळी मते मांडली आहेत. परिणाम मात्र निर्विवाद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा करीपर्यंत मराठी गद्याचा हा आद्य ठेवा पंथाबाहेरच्या वाचकांना जवळजवळ अज्ञात होता. कुलपाची किंमत मराठीने शतकानुशतके मोजली.

पण याच कुलपाची दुसरी बाजू पाहा. ज्याला ग्रंथ दिला जाई, त्याला लिपीही शिकवली जाई. शिष्याच्या हाती पोथी द्यायची आणि किल्ली मठात ठेवून घ्यायची, असा प्रकार नव्हता. म्हणूनच गुरू गेले तरी ग्रंथ वाचता येत राहिला, त्याच्या नकला होत राहिल्या, आणि नकला होत राहिल्या म्हणूनच आधुनिक संशोधकांच्या हाती काहीतरी लागले. आपले सारे प्राचीन वाङ्मय असेच टिकले आहे. नाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो निरनिराळ्या प्रती उपलब्ध होत्या म्हणून. प्रत काढणाऱ्या अनामिक हातांचे ऋण न मानता मराठीचा अभ्यास करणे शक्य नाही.

आता तिसऱ्या कुलपाकडे, म्हणजे माझ्या कपाटातल्या डीव्हीडीकडे परत येऊ. येथे किल्ली घेणाऱ्याला मिळत नाही, ती कायम विकणाऱ्याच्या सर्व्हरवर राहते. आणि सर्व्हर बंद झाला की विकलेली प्रत्येक प्रत एकाच दिवशी निकामी होते. ही केवळ कल्पना नव्हे. २०१४ मध्ये विकायला काढलेला ‘द क्रू’ हा खेळ युबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून संपवला. ज्यांच्याकडे त्याची डीव्हीडी होती त्यांच्याकडे प्लॅस्टिकची चकती उरली. कधी कंपनी नव्हे, काळच कुलूप गंजवतो. ‘सेफडिस्क’ या कुलपाचा संगणकाच्या सुरक्षिततेला धोका आहे म्हणून २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्याला थारा देण्यात आला नाही, आणि त्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी जुन्या सीडी एका झटक्यात मुक्या झाल्या. आज त्या चालवायच्या तर कुलूप मोडलेलीच प्रत शोधावी लागते. उद्याचा राजवाडे जर या खेळांचा इतिहास लिहू म्हणेल, तर त्याला साधने चोरांच्या भांडारातून मिळतील.

‘खेळांचे काय एवढे!’ असे कोणी साहित्याचा अध्यापक म्हणेल, त्याला २००९ च्या जुलैची आठवण करून द्यावी लागेल. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ व ‘अ‍ॅनिमल फार्म’ या कादंबऱ्यांची एक आवृत्ती हक्क नसताना विकली गेली होती. हे ध्यानात येताच अ‍ॅमेझॉनने ती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून त्यांना न विचारता पुसून टाकली. पैसे परत मिळाले. पण एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी काढलेली टिपणे निरर्थक झाली. पाळतीची आणि पुसून टाकण्याची कादंबरीच पुसली गेली, यावर वेगळे भाष्य नको. पुढे अ‍ॅमेझॉनने दिलगिरी व्यक्त केली. तरी एक गोष्ट सर्वांना कळून चुकली: जे खेळांच्या कपाटात घडते ते पुस्तकांच्या कपाटातही घडू शकते.

आपला कायदा याबाबतीत अर्ध्या वाटेवर थांबला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याने निषिद्ध न ठरवलेल्या हेतूसाठी ते उघडले तर गुन्हा नाही; फक्त दुसऱ्याला उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, कारण यांची नोंद ठेवायची. संगणक प्रणालीची राखीव प्रत काढण्याची मुभाही कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रतधारकाला आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याहून हे पुष्कळ समंजस आहे. पण याचा अर्थ इतकाच की, आम्ही किल्ली बनवून घेतली तर आम्हाला चोर म्हणणार नाहीत. जालन्यातल्या आठवीतल्या मुलाने असा किल्लीवाला कोठून आणावा? विकणाऱ्याने किल्ली दिलीच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही.

इतरत्र हालचाल सुरू झाली आहे. कॅलिफोर्नियात २०२५ च्या प्रारंभापासून, केवळ परवाना देणाऱ्या दुकानदाराने तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये, असा कायदा अमलात आला. बंद पडणारे खेळ चालण्याजोग्या स्थितीत ठेवूनच कंपनीने बाजूला व्हावे, या मागणीच्या युरोपातील अर्जावर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

आपण भाषेची माणसे आहोत, म्हणून माझी पहिली मागणी भाषेचीच आहे. ‘विकत घेणे’ या मराठी क्रियापदाला शतकांचा अर्थ आहे. विकत घेतलेली वस्तू आपली होते. ती उसनी देता येते, वारसाला ठेवता येते, जुन्या बाजारात विकता येते. ज्या व्यवहारात यांतले काहीच होत नाही त्याला भाडे म्हणावे आणि भाड्याइतकेच पैसे घ्यावेत. दुसरी मागणी बियाण्याच्या कायद्यावरून सुचणारी आहे: विकलेल्या वस्तूत तिच्या अंताची तजवीज नसावी, आणि असलीच तर दुकान बंद करणाऱ्याने जाताना किल्ली घेणाऱ्याच्या हाती द्यावी. सांकेतिक लिपीत ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही हे कळत होते.

भाचा आता तिशीला आला आहे. तो खेळ घेतो तेव्हा पैसे देतो. शक्य असेल तेथे कुलूप नसलेले खेळ विकणाऱ्यांकडूनच घेतो. तेव्हाच्या त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘हो, खेळत असतो’ हेच होते आणि ते मी त्याला द्यायला हवे होते. पैसे देणे चूक नव्हते, हे त्यानंतर सांगता आले असते. चूक पैसे घेऊन वस्तू न देणाऱ्याची होती. डीव्हीडी मी अजून फेकलेली नाही. पावतीही तिच्याबरोबरच ठेवली आहे.